१४४ व्हीएम, १२० पोर्ट : लातूरच्या एका लॅबमधलं प्रकरण

व्हर्च्युअल स्विच म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेला नेटवर्क स्विच. त्याचे पोर्ट, म्हणजे जोडणीच्या जागा, संपू शकतात हे बहुतेक ॲडमिनना ऐकून माहीत असतं. संपलेले पाहिलेले फार थोडे, कारण रोजच्या कामात ते संपतच नाहीत. संपतात ते शेजारचा होस्ट, म्हणजे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, सॉफ्टवेअरमधले संगणक) चालवणारा सर्व्हर, बसतो त्या दिवशी. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका क्लासेसच्या लॅबमध्ये हे घडलं, तेव्हा तिथल्या सर्व्हर आणि नेटवर्कचा सपोर्ट माझ्याकडे होता. क्लासेसचं आणि पुरवठादाराचं नाव इथे देत नाही. त्यावाचून प्रकरण समजायला काही अडत नाही.

लॅब आणि तिचा कागदावरचा हिशेब

जेईई मेनचा इंजिनीअरिंगचा पेपर २०१९ पासून फक्त संगणकावर होऊ लागला. एमएचटी-सीईटीही त्याच वर्षी संगणकावर गेली. लातूर पॅटर्नची सगळी मदार सरावावर. पेपर सोडवायचा, तपासायचा, चुकलेलं पुन्हा सोडवायचं. पण उदगीर, अहमदपूर, मुखेड, अंबाजोगाईकडून आलेल्या कित्येक पोरांनी तोवर गोल काळे करण्याचाच सराव केलेला. माउसनं पर्याय निवडणं, पुढच्या प्रश्नावर जाणं, कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत वेळ सांभाळणं हे हाताखालून जायलाच हवं होतं. म्हणून संचालकांनी तळमजल्यावरचा हॉल रिकामा केला आणि १३८ थिन क्लायंट (सर्व्हरवरचा डेस्कटॉप नुसता दाखवणारी छोटी यंत्रं) मांडले.

मागच्या खोलीत दोन सर्व्हर. दोन्ही पुण्याहून आणलेले, वापरलेले, पण चांगले धडधाकट. प्रत्येकी १९२ जीबी रॅम, चार नेटवर्क कार्डं. त्यांवर ईएसएक्सआय ५.१, म्हणजे व्हीएम चालवणारी व्हीएमवेअर कंपनीची प्रणाली, आणि एसेन्शियल्स प्लसचा परवाना. ही आवृत्ती २०१२ ची, तिचा सपोर्ट २०१६ मध्येच संपलेला. पुरवठादाराकडे परवाना होता तो त्यानं चढवला. एसेन्शियल्स प्लसमध्ये हाय अव्हेलेबिलिटी (एक होस्ट गेला की त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर सुरू करणारी सोय) मिळायची, व्हीमोशन (चालती व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं) मिळायचं. सगळ्या होस्टना मिळून एकच असलेला डिस्ट्रिब्युटेड स्विच मात्र मिळत नव्हता, तो एंटरप्राइझ प्लसमध्ये. म्हणजे दोन्ही होस्टवर साधे स्टँडर्ड स्विच, प्रत्येकावर वेगळे हाताने बनवलेले.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक व्हीएम : एक जीबी रॅम, हलकं लिनक्स, त्यात एकच ब्राउझर. शिवाय सहा सर्व्हर व्हीएम : दोन डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे), परीक्षेचा सर्व्हर, त्याचा डेटाबेस, फाइल सर्व्हर आणि व्हीसेंटर (दोन्ही होस्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर). एकूण १४४. निम्म्या एका होस्टवर, निम्म्या दुसऱ्यावर. एक होस्ट बसला तरी सगळ्या व्हीएम दुसऱ्यावर मावाव्यात, अशा बेतानंच १९२ जीबी रॅम घेतलेली. विद्यार्थ्यांच्या १३८ जीबी, सर्व्हरांच्या तीसेक, वर थोडी ईएसएक्सआयला. बसत होतं. पुरवठादाराच्या तक्त्यात सीपीयू, रॅम, डिस्क असे तीन रकाने होते आणि तिन्ही बरोबर होते. चौथा रकाना, पोर्टांचा, कुठल्याच तक्त्यात नसतो, त्यामुळे तो नाही म्हणून कोणाचं लक्षही गेलं नाही.

सकाळ

एप्रिल. लातुरात एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच अंगाला चटका बसतो, एसी चालू, भार चढलेला. लाईट गेली. जनरेटर पकडेपर्यंतचे काही सेकंद यूपीएसनं सांभाळायचे असतात. दोनपैकी एका यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या निघाल्या. त्यावरच्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते, पण दोन्ही केबली त्याच एका यूपीएसमध्ये. होस्ट क्रमांक एक तिथेच बसला. तो परत उठेचना, कारण ज्या यूएसबी स्टिकवरून ईएसएक्सआय बूट व्हायचं ती त्या झटक्यात गेली.

इथपर्यंत काही विशेष नाही. याचसाठी हाय अव्हेलेबिलिटी असते. होस्ट क्रमांक दोननं शेजारी गेल्याचं ओळखलं आणि त्याच्या ७२ व्हीएम एकामागून एक आपल्यावर सुरू केल्या. व्हीसेंटर सुदैवानं दोनवरच होतं. काही मिनिटांत स्क्रीनवर १४४ हिरवे त्रिकोण. रॅम पुरली. सीपीयूही धापा टाकत का होईना, पुरला.

आणि मला लॅब असिस्टंटचा फोन आला. "सर, लाईट आली, मशिनी चालू झाल्या, पण पेपर उघडंना गेलाय. अन् मागच्या दोन रांगांला तर स्क्रीनच येईना."

त्याच्या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी होत्या, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. बहुतेक पोरांना आपला डेस्कटॉप दिसत होता, ब्राउझर उघडत होता, पण परीक्षेचं पान येत नव्हतं. तीसेक पोरांना डेस्कटॉपच दिसत नव्हता, थिन क्लायंट नुसता जोडायचा प्रयत्न करत बसलेला. पहिली तक्रार ऐकून सगळ्यांनी बोट दाखवलं परीक्षेच्या सॉफ्टवेअरकडे. दुसरी ऐकून डीएचसीपीकडे, म्हणजे मशीनना पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे. एकदम इतक्या व्हीएम रीस्टार्ट झाल्या, पत्त्यांचा पूल संपला असेल, असा तर्क. तर्क वाईट नव्हता. पण रीस्टार्टनं मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) बदलत नाही, त्यामुळे जुनीच लीज, म्हणजे वाटून दिलेला पत्ता, परत मिळते. आणि लीजची यादी उघडून पाहिली तर पूलमध्ये जागा होती.

मग जी व्हीएम दिसत नव्हती तिचा कन्सोल थेट व्हीसेंटरमधून उघडला. इथे एक बारीक फरक आहे, तो डोळ्यांनी बघण्यासारखा. पत्ता मिळत नसेल तर लिंक चालू असते आणि मशीन पत्ता मागत राहते. इथे लिंकच नव्हती. लिनक्स सांगत होतं की कॅरियर नाही, म्हणजे केबलच उपसलेली. व्हर्च्युअल मशीनला केबल कुठली? व्हीएमच्या सेटिंगमध्ये गेलो. नेटवर्क अडॅप्टरसमोर दोन चौकोन असतात : चालू होताना जोडा, आणि जोडलेलं. पहिल्यात टिक होती, दुसऱ्यात नव्हती. टिक केली, ओके दाबलं. एररची खिडकी आली आणि सेटिंग पुन्हा उघडली तर टिक गायब. परीक्षेच्या सर्व्हरची सेटिंग उघडली. तिथेही तेच. म्हणजे सॉफ्टवेअर ठणठणीत चालू होतं, फक्त एका बंद खोलीत.

त्या दिवशी काही पोरं आली नव्हती. त्यांतल्या एकाची चालू व्हीएम बंद केली आणि परीक्षेच्या सर्व्हरला पुन्हा टिक केली. या वेळी टिक टिकली. हॉलमधून आरडाओरडा ऐकू आला, कारण शंभरावर स्क्रीनवर एकदम लॉगिनचं पान उघडलं होतं.

एक बंद केल्यावर दुसरं चालू होतं, याचा अर्थ बिघाड कशातच नाही, जागा संपली आहे.

आकडे चार, लागू एकच

ईएसएक्सआयच्या कमांड लाइनवर व्हीस्विचची यादी मागितली की प्रत्येक स्विचसमोर किती पोर्ट आहेत आणि किती वापरात आहेत ते दिसतं. व्हीस्विच शून्यासमोर १२८ होते आणि ते भरलेले होते.

ईएसएक्सआय ५.१ बसवताना जो पहिला स्विच आपोआप तयार होतो त्याला १२० पोर्ट मिळतात. कमांड लाइनवर १२८ दिसतात, कारण त्यातले आठ कर्नल स्वतःसाठी राखतो. ॲडमिनच्या व्यवस्थापन खिडकीत १२०. या १२० मध्ये फक्त व्हीएम येतात असंही नाही. प्रत्येक अपलिंक (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणारं खरं कार्ड) एक पोर्ट घेतं, प्रत्येक व्हीएमकर्नल इंटरफेस (होस्टची स्वतःची जोडणी) एक घेतो, आणि एखाद्या व्हीएमला दोन नेटवर्क कार्डं असतील तर ती दोन घेते. आमच्याकडे दोन अपलिंक, मॅनेजमेंट आणि व्हीमोशनचे मिळून दोन इंटरफेस, म्हणजे व्हीएमशिवायचे चार. रोज प्रत्येक होस्टवर ७२ व्हीएम आणि हे चार, ७६. शंभरातही नाही. कोणी मुद्दाम बघितलं असतं तरी निर्धास्त झाला असता. एक होस्ट गेल्यावर १४४ आणि चार, १४८. जागा १२०. बाहेर राहिल्या २८. व्हीसेंटरमध्ये एकेक उघडून यादी केली तेव्हाही २८ च निघाल्या, त्यात परीक्षेचा सर्व्हर धरून.

पुरवठादाराला फोन लावला तेव्हा तो ठामपणे म्हणाला, "साहेब, व्हीएमवेअरची लिमिट चार हजार शहाण्णव आहे. एकशे चव्वेचाळीसमध्ये पोर्ट कसे संपतील?" त्याचा आकडा खोटा नव्हता. एका होस्टवरच्या सगळ्या व्हर्च्युअल स्विचचे मिळून पोर्ट ४०९६ पर्यंत जाऊ शकतात. एका स्टँडर्ड स्विचला जास्तीत जास्त ४०८८ देता येतात. त्यातले एका वेळी खरोखर चालू असू शकतात ते होस्टमागे १०१६. हे सगळे आकडे कमाल मर्यादांच्या कागदावर आहेत, आणि बैठकीत लोक तेच तोंडावर फेकतात. पण स्विच चालतो तो त्याच्या स्वतःच्या चौकटीत भरलेल्या आकड्यावर, आणि तो आकडा इन्स्टॉलेशनच्या दिवशी होता तोच होता. कागदावरची मर्यादा उत्पादनाची. आमची मर्यादा स्विचच्या सेटिंगमधल्या ड्रॉपडाउनची.

यात सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे हाय अव्हेलेबिलिटीनं आधी कुठलाही इशारा दिलेला नव्हता. तिचं ॲडमिशन कंट्रोल सीपीयू आणि मेमरी राखून ठेवलेली आहे का ते पाहतं. स्टँडर्ड स्विचवर किती पोर्ट रिकामे आहेत हा त्याच्या हिशेबाचा भागच नाही. पंगतीला किती माणसं याच्यावरून भात-वरण मोजून शिजवलं आणि पाट मोजायचे राहून गेले, तशातली गत. व्हीएम सुरू होते, मेमरी मिळते, त्रिकोण हिरवा होतो, आणि नेटवर्क कार्ड मुकाट्यानं बाहेर राहतं. व्हीएम सुरूच झाली नसती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

परीक्षेचा सर्व्हर नेमका बाहेर का राहिला, याचं उत्तर साधं आहे. रीस्टार्टची प्राथमिकता सगळ्यांना एकच, मधली, कारण ती तशीच येते आणि कोणी बदललेली नव्हती. एकाच प्राथमिकतेच्या ७२ व्हीएममध्ये कोण आधी येईल याची हमी नसते. अहमदपूरच्या एखाद्या पोराचा ब्राउझर आणि अख्ख्या हॉलचा परीक्षेचा सर्व्हर एकाच रांगेत उभे होते. रांगेत पोराचा नंबर आधी लागला.

पोर्ट वाढवायचे, पण आत्ता कसे

कारण कळलं म्हणजे उपाय हातात आला, असं इथे नव्हतं. ५.१ मध्ये स्टँडर्ड स्विचचे पोर्ट वाढवता येतात. ड्रॉपडाउनमध्ये ५६, १२०, २४८, ५०४ असे ठरावीक आकडे असतात, पुढचा निवडायचा. पण तो लागू होतो होस्ट रीबूट केल्यावर. एकच होस्ट जिवंत, त्याच्यावर सगळी लॅब, हॉलमध्ये पोरं, बाहेर पालक. रीबूटचं नाव काढायची सोय नव्हती.

रीबूट लागतो तो असलेल्या स्विचचा आकार बदलायला. नवा स्विच बनवायला लागत नाही, आणि नव्या स्विचला स्वतःचे वेगळे पोर्ट मिळतात. चार कार्डांपैकी दोन व्हीस्विच शून्याला, एक स्टोरेजच्या आयस्कझीला (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याची पद्धत), चौथं रिकामं. त्या चौथ्यावर व्हीस्विच दोन बनवला. एका होस्टवर एकाच नावाचे दोन पोर्ट ग्रुप (स्विचवरच्या पोर्टांचे नाव दिलेले गट) चालत नाहीत, म्हणून नवा पोर्ट ग्रुप "लॅब-२" नावाचा, व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) मात्र तोच. मग बाहेर राहिलेल्या व्हीएमची नेटवर्क कार्डं एकेक करून लॅब-२ वर वळवायची.

क्लासेसचं नेटवर्क सांभाळणारे काका याला तयार नव्हते. त्याच फिजिकल स्विचमध्ये, त्याच व्हीलॅनमध्ये, त्याच सर्व्हरची आणखी एक केबल लावली तर लूप होईल, म्हणजे डेटा गोल-गोल फिरत नेटवर्क बसेल, अशी त्यांना धास्ती. खऱ्या स्विचच्या बाबतीत त्यांची भीती शंभर टक्के रास्त आहे. पण व्हीस्विच एका अपलिंकवरून आलेली फ्रेम (डेटाचं पुडकं) दुसऱ्या अपलिंकवरून बाहेर सोडत नाही, आणि दोन व्हीस्विच आतून एकमेकांना जोडलेले नसतात. त्यामुळे तो स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचमधले लूप तोडणारी व्यवस्था) भाग घेत नाही तरी लूप होत नाही. "बघा बुवा, तुमच्या जबाबदारीवर," म्हणत त्यांनी केबल लावली.

लावली, दिवा हिरवा झाला, पहिली व्हीएम वळवली, ती चालली. दुसरी वळवली आणि दिवा नारिंगी. दोन्ही गेल्या.

या वेळी मर्यादा भिंतीच्या पलीकडची निघाली. वर्षभरापूर्वी कोण्यातरी पोरानं स्वतःचा लॅपटॉप लॅबच्या केबलला जोडला होता, तेव्हापासून काकांनी सगळ्या मोकळ्या पोर्टांवर पोर्ट सिक्युरिटी चढवून ठेवलेली. त्या स्विचवर ती चालू केली की मुळात एका पोर्टमागे एकच मॅक पत्ता चालतो. दुसरा दिसला की पोर्ट बंद. थिन क्लायंटसाठी हे अगदी योग्य. पण व्हीस्विच प्रत्येक व्हीएमचा मॅक जसाच्या तसा बाहेर दाखवतो, तेव्हा एका केबलमागे तीस मॅक उभे राहतात. स्विचच्या लॉगमध्ये नियम मोडणारा पत्ता ००:५०:५६ नं सुरू होत होता. ही व्हीएमवेअरची ओळख. ते आकडे दिसले की गुन्हेगार व्हर्च्युअल आहे हे लगेच कळतं. सर्व्हरच्या जुन्या दोन केबलींवर सिक्युरिटी कधी लावलीच नव्हती, म्हणून हा प्रश्न आजवर आला नव्हता. त्या पोर्टवरून ती काढली, पोर्ट बंद करून पुन्हा चालू केला, आणि उरलेल्या व्हीएम वळवल्या. पेपर अकराला सुरू झाला.

संचालकांनी नंतर विचारलं की पहिल्या तासात नुसत्या काही व्हीएम बंद करून भागलं नसतं का. भागलं असतं, पण तेवढ्या पोरांना परत पाठवून. पालक पैसे भरतात ते खुर्चीचे.

रात्र

कायमचं काम रात्री. आधी होस्ट क्रमांक एक. नवी यूएसबी स्टिक, ईएसएक्सआय नव्यानं. इथे एक फसगत टपून बसलेली असते. नव्यानं बसवलेल्या होस्टवर सगळं मूळपदावर येतं, व्हीस्विच शून्य पुन्हा १२० पोर्टांचाच. होस्ट प्रोफाइल एसेन्शियल्स प्लसमध्ये नव्हत्या, म्हणजे एका होस्टची सेटिंग दुसऱ्यावर ओतता येत नव्हती, सगळं हातानं. घाईत फक्त पोर्ट ग्रुपची नावं जुळवली असती तर क्लस्टरनं तक्रार केली नसती आणि पुढच्या वेळी तीच सकाळ, फक्त दिशा उलटी. म्हणून व्हीएम आणण्याआधीच पोर्ट २४८ केले आणि रीबूट केला.

मग होस्ट क्रमांक दोन. त्याच्यावरून सगळ्या १४४ व्हीएम एकवर हलवल्या. एकला आता जागा होती, म्हणून हे जमलं. क्रम उलटा असता तर मेंटेनन्स मोडच (दुरुस्तीसाठी होस्ट रिकामा करणं) अडकला असता. दोनचे पोर्ट वाढवले, रीबूट, निम्म्या व्हीएम परत. ज्या व्हीएमची टिक गेलेली असते ती व्हीमोशननं आपोआप परत येत नाही, तशा उरल्यासुरल्या शोधून हातानं लावाव्या लागल्या. लॅब-२ मोडून टाकला आणि चौथं कार्ड व्हीस्विच शून्याला तिसरं अपलिंक म्हणून दिलं. दोन स्विच ठेवले असते तर दोन्ही होस्टवर दोन्ही नावं कायम जुळती ठेवावी लागली असती, आणि सहा महिन्यांनी कोणाला आठवलं नसतं की लॅब-२ कशासाठी होता.

२४८ च का, थेट ४०८८ का नाही, असं लॅब असिस्टंटनं विचारलं. १४४ व्हीएम, तीन अपलिंक, दोन इंटरफेस, १४९. हॉल वाढवून दोनशे खुर्च्या केल्या तरी २४८ मध्ये बसतं. होस्टला एकूण ४०९६ ची वेस आहे, आणि तसंही एका वेळी चालू राहणार १०१६ च. मोठा आकडा टाकून मोजणं टाळायचं, हे मला पटत नाही.

रीस्टार्टची प्राथमिकता बदलली : डोमेन कंट्रोलर, डेटाबेस आणि परीक्षेचा सर्व्हर उच्च, विद्यार्थी कमी. यूपीएसच्या केबली उलटसुलट केल्या, प्रत्येक सर्व्हरची एक या यूपीएसला, एक त्या. शेवटी पहाटे, हॉल रिकामा असताना, होस्ट क्रमांक एकच्या दोन्ही केबली खेचल्या. मेंटेनन्स मोडनं केलेली चाचणी ही चाचणी नव्हे. त्यात व्हीएम जागच्या जागी चालत्या सरकतात आणि पोर्ट कमी असेल तर व्हीमोशन आधीच अडून बसतं. खरा होस्ट मेला की मगच कळतं की सगळ्यांना टिक मिळते का. मिळाली. होस्ट दोनवर वापरातल्या पोर्टांचा आकडा हिशेबाशी जुळला.

हाच प्रकार दुसरीकडे

पुढे परवान्याचा सपोर्ट भरून ते ६.५ वर गेले, आणि हा विशिष्ट प्रश्न मुळातूनच सुटला. ५.५ पासून स्टँडर्ड स्विच लवचीक झाला. पोर्ट लागतील तसे वाढतात, ड्रॉपडाउनच राहिला नाही. कमांड लाइनच्या यादीत अजूनही ठरवलेल्या पोर्टांचा रकाना दिसतो आणि त्यात १२८ वगैरे आकडा असतो. तो जुना अवशेष. तो बघून घाबरलेल्यांचे फोन मला येतात.

ज्यांच्याकडे डिस्ट्रिब्युटेड स्विच आहे त्यांचा सापळा वेगळा. तिथे पोर्ट ग्रुपचं बाइंडिंग (पोर्ट केव्हा वाटायचा ते) स्टॅटिक असेल तर व्हीएमला पोर्ट मिळतो तो ती जोडल्याच्या क्षणी, सुरू केल्याच्या नव्हे. बंद पडलेली व्हीएमही पोर्ट अडवून बसते, पोर्ट ग्रुपमधून काढेपर्यंत. स्टँडर्ड स्विचवर एक व्हीएम बंद करून आम्ही परीक्षेचा सर्व्हर जोडला. तिथे ही युक्ती चालली नसती. ५.१ पासून असे पोर्ट ग्रुप सुरुवातीला आठ पोर्टांचे आणि गरजेनुसार वाढणारे बनतात. पण जुन्या आवृत्तीतून चढवत आणलेल्या ठिकाणी किंवा कोणी मुद्दाम ठरावीक केलेल्या ठिकाणी वाढत नाहीत, आणि साच्यावरून (टेम्प्लेटवरून) व्हीएमच्या पन्नास प्रती काढताना मध्येच काम थांबतं. अशा ठिकाणी आधी बंद व्हीएम मोजाव्यात.

मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही व्हर्च्युअल स्विचच्या पोर्टांवर स्वतःहून मर्यादा घालत नाही. तिथे संपतात ते मॅक पत्ते. प्रत्येक होस्टला आपोआप वाटायला मुळात २५६ पत्त्यांचा पट्टा असतो : सुरुवात ००-१५-५डी, पुढचे दोन भाग होस्टच्या आयपी पत्त्याच्या शेवटच्या दोन भागांवरून, आणि अखेरचा भाग ०० ते एफएफ. व्हीएमना दोन-दोन कार्डं दिली की २५६ हा आकडा फार लांब नाही. एकाच इमेजवरून दोन होस्ट बनवले तर दोघांचा पट्टा एकच निघतो, आणि मग दोन व्हीएम एकच मॅक घेऊन उभ्या राहतात. ते शोधणं पोर्ट संपण्यापेक्षा जास्त त्रासाचं.

आणि आता सगळेच ज्याच्याकडे वळताहेत त्या प्रॉक्समॉक्सबद्दल, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या लिनक्सवरच्या प्रणालीबद्दल. ब्रॉडकॉमनं २०२३ च्या अखेरीस व्हीएमवेअर घेतल्यावर छोट्या ग्राहकांना परवाने परवडेनासे झाले, तेव्हापासून संभाजीनगर-जालन्याकडून मला याच स्थलांतराची विचारणा जास्त येते. तिथे व्हर्च्युअल स्विचच्या जागी व्हीएमबीआर शून्य हा लिनक्सचा साधा ब्रिज. लिनक्स ब्रिजमध्ये पोर्टाचा क्रमांक दहा बिटांत बसवलेला आहे, कारण स्पॅनिंग ट्रीच्या सोळा बिटांच्या ओळखीत त्याला तेवढीच जागा मिळते. दहा बिट म्हणजे १०२४, त्यातला शून्य वापरत नाहीत, उरले १०२३. एका होस्टवर एवढ्या व्हीएम कोणी चालवत नाही, त्यामुळे ही मर्यादा क्वचितच आडवी येते. आडवं येतं ते भलतंच. होस्टच गेटवे (बाहेर जायचं दार) असेल तर शेजाऱ्यांचा तक्ता (कुठल्या आयपीचा मॅक कोणता याची यादी) मुळात १०२४ नोंदींवर अडतो आणि कर्नलच्या लॉगमध्ये तक्ता ओसंडल्याची ओळ येते. व्हीएमच्या नेटवर्क कार्डासमोर फायरवॉलची टिक असेल तर प्रॉक्समॉक्स त्या एका कार्डासाठी मध्ये वेगळा छोटा ब्रिज आणि दोन्हीकडे जोडणारी व्हर्च्युअल तार घालतं. मुख्य ब्रिजवर पोर्ट एकच लागतो, पण इंटरफेसची यादी चौपट होते. फायरवॉलचा कनेक्शन मोजणारा तक्ता भरला की नवीन पॅकेट टाकून दिली जातात, आणि बाहेरून ते पुन्हा "पेपर उघडंना गेलाय" असंच दिसतं. साच्यात ती टिक चालू असेल आणि नियम एकही लिहिलेला नसेल, तर प्रती काढण्याआधी ती साच्यातूनच काढून टाकावी.